तळाशी उरलेला रस्सा

तोफ म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात. सरू नका, मित्रांनो. मी आजवर एकही गोळा झाडलेला नाही. मी रश्शाची तोफ आहे. पोटात भलंमोठं पातेलं, पातेल्याखाली भट्टी, खाली दोन चाकं आणि वर आकाशाकडे रोखलेलं धुराडं. ते धुराडं पाहूनच सैनिकांनी मला तोफ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव मला चिकटलं. एके काळी मी हिरवी होते. आता अर्धी हिरवी आणि अर्धी गंजलेली आहे. स्वभावाने म्हणाल तर तापट. तापट नसते तर माझ्यात रस्सा शिजला असता का?

माझी कहाणी मी गोड आवाजात सांगेन अशी आशा धरू नका. मला राग आलेला आहे. तो आजचा नाही, जुना आहे, आणि तो का आला ते तुम्हाला कळावं म्हणूनच मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म फिनलंडमधल्या एका कारखान्यात झाला. ठोकून, जोडून, रंगवून मला सैन्यात पाठवलं. तिथे दर गुरुवारी माझ्यात वाटाण्याचं दाट सूप शिजायचं. कडाक्याच्या थंडीत पोरं माझ्या अंगाला पाठ लावून उभी राहायची आणि आचारी त्यांच्यावर खेकसायचा. ते दिवस बरे होते. मग नवी भांडी आली आणि मला मोडीत काढलं. मोडीत निघालेल्या वस्तूला काय वाटतं ते कोणी विचारत नाही, म्हणून तेही मी सांगत बसत नाही.

तिथून मला कोर्पिकुल्मा गावाच्या शिकार मंडळाने ट्रॅक्टरला बांधून आणलं. इथे शेतं आहेत, शेतांमध्ये रानं आहेत आणि रानांत पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. हरणं दिसायला देखणी असतात, यात वाद नाही. पण ती वाढली की कोवळी राई खातात, बागेतली सफरचंदं खातात आणि नव्या लावलेल्या झाडांचे शेंडे खुडून टाकतात. शेंडा खुडलेलं झाड पुन्हा सरळ वाढत नाही. म्हणून दर शरद ऋतूत गावातली माणसं केशरी टोप्या घालतात, कुत्री घेतात आणि ठरवून दिलेल्या संख्येत हरणं मारतात. मांस वाया जात नाही. हाडंसुद्धा माझ्या पातेल्यात येतात.

आता नीट ऐका, कारण सगळं रामायण इथूनच सुरू होतं. शिकाऱ्यांचं स्वतःचं रान थोडंच असतं. रान असतं गावातल्या वेगवेगळ्या मालकांचं. ते आपल्या रानात शिरू देतात, म्हणून शिकार होते. त्या उपकाराची फेड म्हणून वर्षातून एकदा मंडळ सगळ्या मालकांना रश्शाचं जेवण देतं. इथल्या भाषेत त्या जेवणाला पेइयाइसेत म्हणतात. तुमची जीभ वळायची नाही, म्हणून मी आपलं रश्शाचं जेवण म्हणते.

या जेवणाचा एक रिवाज आहे. जेवणाचं हरीण ज्याच्या रानात पडेल, त्याच्या दारी गोळी झाडणाऱ्याने स्वतः चालत जायचं. निरोप धाडायचा नाही, फोन करायचा नाही. दारात उभं राहायचं, टोपी काढायची आणि घरच्या बाईला म्हणायचं, "मालकीणबाई, रस्सा आहे, या." बस, एवढंच. बाकीच्या मालकांना तारीख कळली तरी पुरते, पण हा मालक बोलावल्याशिवाय येत नाही. आणि जेवणाच्या दिवशी पहिला डाव त्या मालकाच्या वाडग्यात पडतो. तोवर कोणी चमचा उचलत नाही.

पातेल्यावर राज्य होतं लेम्पीचं. ही बाई गावच्या दुकानात कामाला, तिथे दिवसभर गप्प असायची, पण माझ्याजवळ आली की तिची जीभ सुटायची. मांस थंड पाण्यात घालायचं, हळूहळू तापवायचं, वर आलेला फेस न कंटाळता काढायचा, मग कांदा, गाजर, पिवळा सलगम, बटाटे. तमालपत्र आणि कबाबचिनी ती डोळ्यांनी मोजायची. कोणी झाकण उघडून डोकावलं की म्हणायची, "काय रे, आत तुझी सासू दिसतेय का? ठेव झाकण." मला ती फार आवडायची. अजूनही आवडते.

आणि एक जोडपं होतं, सैमा आणि लाउरी. त्यांचं रान लहान, पण गावाच्या सगळ्या रानांच्या मधोमध. त्यांच्या घराचं धुराडं मला माझ्या जागेवरून शेतापलीकडे दिसायचं. एका वादळात त्यांची जुनी झाडं आडवी झाली, तेव्हा दोघांनी वाकून वाकून सगळ्या रानात बर्चची रोपं लावली. लाउरी जेवायला आला की त्या रोपांबद्दलच बोलायचा. "यंदा माझ्या खांद्याला लागली," असं सांगायचा आणि खांद्यावर हात ठेवून दाखवायचा. लोक त्याची चेष्टा करायचे. "पोरांचीसुद्धा एवढी उंची कोणी मोजत नाही रे," म्हणायचे. त्यांना पोरं नव्हती. लाउरी हसायचा आणि वाडगा पुन्हा पुढे करायचा.

पुढे त्याचे पाय गेले. मग सैमा एकटी यायची, हातात झाकणाची दुधाची किटली घेऊन. स्वतः बसून जेवायची आणि निघताना लेम्पी ती किटली काठोकाठ भरून द्यायची. "त्याला सांग, रोपांना माझा नमस्कार," असं लेम्पी म्हणायची. सैमा उत्तर द्यायची, "तूच ये सांगायला, मला रोज तेच ऐकावं लागतं." किटली घेऊन ती शेताच्या वाटेने जायची आणि मी तिला घरात शिरेपर्यंत बघत राहायचे. मित्रांनो, मला अनेकांनी शाबासकी दिली. पुढाऱ्यांनी दिली, पाद्र्यांनी दिली. पण ती भरलेली किटली नीट घरी पोचली की मला वाटायचं, चला, यंदाचं काम झालं.

आता त्या वर्षाचं सांगते.

हरणं टांगायची कोठी माझ्या शेजारीच आहे. शिकारीची सगळी भांडणं तिथेच होतात, त्यामुळे मला काही लपून राहत नाही. त्या दिवशी मोठा नर आणला होता. त्याच्या अंगावर दोन जखमा होत्या. एक छातीत, नेमकी. दुसरी मागच्या मांडीत, लाज आणणारी. गोळ्या झाडल्या होत्या दोघांनी, रेइनोने आणि तौनोने. रेइनो मंडळाचा अध्यक्ष, तौनो त्याचा शेजारी. दोघांच्या शेतांमध्ये एकच कुंपण, आणि लहानपणापासूनची मैत्री. हरीण पळत पळत जाऊन सैमाच्या रानात पडलं होतं.

"छातीतली माझी," रेइनो म्हणाला.

"तुझी? तुझी मांडीत बसली. तुझा हात हलला ते मी बघितलं ना," तौनो म्हणाला.

"माझा हात? अरे, तुला चष्मा लावून गोठ्याचं दार सापडत नाही."

बाकीचे हसले. हसले नसते तर बरं झालं असतं. लेम्पी पातेलं घासायला आली होती, तीही म्हणाली, "मांडीचं एवढं चांगलं मांस कोणी नासवलं ते मला सांगा. त्याच्या वाडग्यात मी तेच वाढते."

रेइनोचा चेहरा लाल झाला. तो तौनोला म्हणाला, "बरं बाबा, छातीतली तुझी. शिकार तुझी, मग सैमाच्या दारी पायपीटही तुझीच."

"मी कशाला? अध्यक्ष तू. मोठेपणा तुझा. जा की तूच."

"नाही नाही. नेमबाज तू."

"तू जा."

एवढं बोलून दोघं दोन दारांनी निघून गेले. आणि मित्रांनो, दोघांनीही घरी जाऊन विचार केला की, जाऊ दे, तो गेला असेल. आमच्या गावात माणसं कमी बोलतात. हा गुण आहे असं त्यांना वाटतं. 'गेला होतास का?' असे तीन शब्द विचारायला दोघांपैकी एकाचीही जीभ उचलली नाही. नाकावरची माशी हलत नाही अशी ही माणसं! मला चाकं होती, पण मला कोणी बांधल्याशिवाय हलता येत नाही. पाय त्यांना होते.

जेवणाचा दिवस उजाडला. लख्ख ऊन, गारठा आणि वारा. मी सकाळपासून धडाडत होते. रस्सा इतका सुरेख जमला होता की लेम्पीने चव घेऊन स्वतःशीच मान हलवली. लोक जमले, बाकं भरली, काळा राईचा पाव आणि लोणी फिरलं. लेम्पी डाव भरून उभी राहिली.

"सैमा कुठंय?" ती म्हणाली.

रेइनोने तौनोकडे बघितलं. तौनोने आपल्या बुटांकडे बघितलं. बाकावरून कोणीतरी म्हणालं, "लाउरीचं काही खरं नाही म्हणे. सोडून येता येत नसेल तिला."

"तसंच असेल," रेइनो म्हणाला.

"तसंच असणार," तौनो म्हणाला.

डाव किती वेळ हवेत धरायचा? तो पहिला डाव गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला गेला आणि सगळे जेवायला लागले. हसले, खिदळले, कॉफी प्याले. वारा त्या दिवशी नेमका शेतापलीकडे, सैमाच्या घराच्या दिशेने वाहत होता. माझा धूर आणि माझा वास सरळ तिकडे जात होता. हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी सगळे गेले तेव्हा माझ्या तळाशी रस्सा उरला होता. एक किटली सहज भरली असती. मांसाचे चांगले तुकडेही होते. रेइनोने तो बादलीत ओतला आणि कुत्र्यांपुढे ठेवला. कुत्र्यांनी खाऊन जे राहिलं ते त्याने शेताकडेच्या चरात टाकलं. मग गरम पाण्याने मला विसळलं आणि माझ्या अंगावर थाप मारून म्हणाला, "शाबास म्हातारे, यंदाही पार पडलं." पार पडलं म्हणे!

पुढच्याच आठवड्यात सैमाने आपल्या रानाच्या वाटेवर ओंडका आडवा टाकला आणि पाटी लावली, 'शिकारीला बंदी.' गाव अवाक झालं. कोणी जाऊन विचारलं असेल असं तुम्हाला वाटतंय का? मुळीच नाही. शिकारी रुसले. "आपण तिचं काय वाईट केलं?" असं आपापसांत बोलले, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. बर्फ पडायच्या आत लाउरी गेला. अंत्यविधीला सगळे चर्चमध्ये गेले, शेवटच्या रांगेत उभे राहिले. सैमाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुःख आहे म्हणून असेल, असं म्हणून ते घरी आले. मला नेहमी प्रश्न पडतो, की या लोकांना 'असेल' या शब्दाशिवाय दुसरा शब्द येत नाही का?

त्यानंतर जे झालं ते कोणाच्याही भल्याचं नव्हतं. सैमाचं रान मधोमध. ते बंद झाल्यावर मंडळाच्या रानाचे दोन तुकडे झाले. कुत्री हरणाच्या मागे लागायची आणि हरीण त्या पाटीपलीकडे गेलं की शिकारी कुत्र्यांना परत बोलवायचे. हरणं काही मूर्ख नाहीत. गोळी कुठे वाजत नाही ते त्यांना दोन महिन्यांत कळलं. सगळा कळप सैमाच्या रानात मुक्कामाला आला. दिवसा तिथे झोपायचा आणि अंधार पडला की रेइनोच्या राईत आणि तौनोच्या वाटाण्यात चरायचा. मग हिवाळ्यात, शेतं बर्फाखाली गेल्यावर, बर्चच्या रोपांवर तुटून पडायचा. लाउरीच्या रोपांवर. सैमा रोज सकाळी दार उघडून ते बघायची. पाटी मात्र काढायची नाही. खरं सांगायचं तर मला तिचाही राग यायचा. अगं बाई, ये की चालत, दे की दोन शिव्या यांच्या तोंडावर! पण तिचं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं.

मोठी शिकार थांबली, तसं रश्शाचं जेवणही थांबलं. मला कोठीच्या मागे ढकललं. वर ताडपत्री टाकली, ती पहिल्याच वादळात फाटली. माझ्या धुराड्यात गांधीलमाश्यांनी पोळं केलं. भट्टीत पावसाचं पाणी साचलं आणि तळ गंजला. चाकं मातीत रुतली, भोवती खाजकुइलीसारख्या खाजऱ्या झाडांचं रान माजलं. एका शहाण्याने माझ्यावर जुने टायर आणून ठेवले. पातेलं स्टीलचं आहे म्हणून ते तेवढं वाचलं. कोणी मला चोरत नव्हतं, कोणी मला वापरत नव्हतं, सगळे मला नुसतं विसरले होते. सैन्याने मला निदान कागदावर मोडीत काढलं होतं. यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

असे तीन शरद ऋतू गेले. मग एके दिवशी दुपारी रेइनो आणि तौनो कोठीत एक लहान हरीण सोलत होते. ते तौनोच्या वाटाण्यात मारलेलं होतं. लेम्पी हाडं न्यायला आली होती. रेइनो बडबडत होता.

"माझी अर्धी राई गेली. त्या बाईचं डोकं फिरलंय, दुसरं काय. इतकी वर्षं आपण तिला रस्सा खाऊ घातला, आणि तिने हे पांग फेडले."

"लाउरी गेल्यापासून बिघडली ती," तौनो म्हणाला.

लेम्पी हाडं पिशवीत भरता भरता थांबली. "पाटी लाउरी जायच्या आधीच लागली होती," ती म्हणाली. "जेवणाच्या पुढच्या आठवड्यात. त्या वर्षी तिला बोलवायला कोण गेलं होतं?"

"हा गेला होता," रेइनो म्हणाला.

"मी? मी कुठे? तू गेला होतास ना?"

"मी तुला जा म्हणालो होतो."

"आणि मी तुला."

 सुरी खाली ठेवल्याचा आवाज मला आला. मित्रांनो, माझ्या भट्टीत गार पाणी होतं, तरी मला वाटलं की मी आता उकळणार. तीन वर्षं! गावाचं रान बुडलं, शेतं खाल्ली गेली, मी गंजले, आणि कारण काय, तर मांडीतली गोळी कोणाची यावरून रुसवाफुगवा.

लेम्पीने पिशवी जमिनीवर टाकली. "म्हणजे तिच्या रानातलं हरीण आपण सगळ्यांनी मिळून खाल्लं, आणि तिलाच बोलावलं नाही," ती म्हणाली. "आणि मी तिथे डाव हातात घेऊन मूर्खासारखी उभी होते. 'तसंच असेल' म्हणालात ना दोघं? तोंड वर करून म्हणालात."

"आता काय करायचं?" रेइनोने विचारलं. "इतक्या दिवसांनी कोणत्या तोंडाने जायचं?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार आहेस?" लेम्पी म्हणाली. "ट्रॅक्टर काढ. त्याआधी तिला बाहेर ओढा आणि घासा. दोघांनी. माझ्या समोर."

'तिला' म्हणजे मला. दोघांनी टायर उचलले, झाडं उपटली आणि गांधीलमाश्यांचे डंख खाल्ले. त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. वाळू आणि ब्रश घेऊन त्यांनी मला अंधार पडेपर्यंत घासलं. अंग सोलवटून निघालं, पण बरं वाटलं. लेम्पीने दोघांच्याही फ्रीझरमधलं चांगलं चांगलं मांस काढून आणलं. "पुठ्ठ्याचं मांस ठेवलंय लपवून नाताळसाठी, दिसतंय मला," ती रेइनोला म्हणाली आणि तेही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सैमाच्या फाटकाशी, त्या आडव्या ओंडक्यापाशी उभं केलं. आत शिरायचं नाही, अशी लेम्पीची सक्त ताकीद होती. तिथेच भट्टी पेटवली. किती दिवसांनी माझ्या पोटात आग गेली! पहिल्यांदा मी नुसती धुमसले, खोकले, काळा धूर ओकले. मग पाणी तापलं, फेस आला, लेम्पीने तो काढला. कांदा पडला, सलगम पडला. घराच्या खिडकीतला पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. दुपार होत आली तरी दार उघडलं नाही.

"चला," लेम्पी म्हणाली. "चालायला लागा."

"दोघांनी?" तौनोने विचारलं.

"नाही, एकाने, आणि दुसऱ्याने घरी जाऊन समजावं की तो गेला असेल," ती म्हणाली. 

दोघं ओंडका ओलांडून गेले. पायरीशी उभे राहिले, टोप्या काढल्या. दार उघडलं. सैमा म्हातारी झाली होती. रेइनोने तौनोकडे बघितलं. शेवटी तौनो म्हणाला, "मालकीणबाई, रस्सा आहे, या."

"आज कोणाच्या रानात पडलंय?" सैमाने विचारलं.

"माझ्या," तौनो म्हणाला. "तुमचं आमंत्रण जुनं आहे. राहून गेलेलं. मला वाटलं, हा आला असेल. याला वाटलं, मी आलो असेन."

"वाटलं," सैमा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण मला फाटकापर्यंत स्पष्ट ऐकू आला. "दोघांनाही वाटलं. लाउरीला काय वाटलं ते सांगू? त्याचा पलंग खिडकीशी होता. त्याला सकाळीच वास आला. म्हणाला, लेम्पीने यंदा कबाबचिनी जरा जास्त टाकलीय. चार दिवस त्याच्या पोटात काही ठरत नव्हतं. पण त्या दिवशी म्हणाला, रस्सा खाईन. किटली घासून ठेव, बोलवायला येतील. मी घासली आणि या इथे पायरीवर ठेवली. तो सारखा विचारायचा, वाटेवर कोणी दिसतंय का गं? मी म्हणायचे, येतील. उन्हं उतरली तेव्हा म्हणाला, घे ती किटली आत. गार पडली असेल. पुन्हा त्याने विषय काढला नाही. मला म्हणाला असता, चल, जाऊन आण, तरी मी गेले असते. नाही म्हणाला तो. आपल्याच रानातल्या हरणाचा रस्सा मागायला बायकोला भांडं घेऊन पाठवणाऱ्यातला नव्हता."

रेइनो खाली मान घालून उभा होता. "सैमा, त्या दिवशी रस्सा उरला होता," तो म्हणाला. "मी तो कुत्र्यांना घातला."

हे त्याने का सांगितलं, देव जाणे. पण सांगितलं. तेवढ्यासाठी मी त्याला थोडं माफ केलं. थोडंच.

सैमा आत गेली. आता दार लागणार, असं मला वाटलं. पण ती किटली घेऊन बाहेर आली. किटली चकचकीत होती. "दर वर्षी घासते," ती म्हणाली. "हात ऐकत नाहीत." ती वाटेने चालत माझ्यापर्यंत आली. लेम्पीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती उगाचच धुराला शिव्या देत होती. तिने किटली काठोकाठ भरली. सैमाने झाकण लावलं, "ही त्याची," म्हणाली आणि ती माझ्या चाकाशी ठेवली. मग वाडगा पुढे केला. पहिला डाव तिच्या वाडग्यात पडला.

तिने चव घेतली. "कबाबचिनी कमी आहे," ती म्हणाली.

लेम्पीला रश्शाबद्दल बोट दाखवलेलं कधी खपलं नव्हतं. त्या दिवशी ती मुकाट्याने वळली आणि आणखी दाणे टाकले.

वाडगा रिकामा झाल्यावर सैमाने दोघांना रानात नेलं. मला फाटकाशी उभ्या उभ्या दिसत होतं. जी झाडं आज डोक्याच्या वर गेली असती, ती गुडघ्याएवढी, झाडूसारखी झालेली. बुंध्यांवर शिंगं घासून साली सोललेल्या. कमी खुडलेली, छातीएवढी उरलेली रोपं एका कोपऱ्यात तेवढी. "ओंडका काढा," ती म्हणाली. "पण हे तुमच्यासाठी नाही. तुम्हाला मी माफ केलंय असं घरी जाऊन समजू नका. ही एवढी उरलीत, ती मला त्याच्या खांद्याच्या वर गेलेली बघायची आहेत. हरणं कमी करा. आणि उद्या कुंपणाची जाळी घेऊन या. दोघं या."

दोघं आले. अजूनही येतात. त्या जेवणाच्या संध्याकाळी सैमा ती किटली घेऊन चर्चच्या आवारातल्या लाउरीच्या थडग्याकडे गेली, असं लेम्पीने मला विसळताना सांगितलं. तिथे काय केलं ते लेम्पीने विचारलं नाही आणि मीही विचारणार नाही.

मित्रांनो, आता दर शरद ऋतूत मी पेटते. मला छप्पर मिळालं आहे, धुराड्यावर टोपी मिळाली आहे. शिकारी प्रत्येक मालकाच्या दारी जातात, आणि जेवणाआधी लेम्पी एकेकाला उभं करून विचारते, "गेलास का? दार कोणी उघडलं? काय म्हणाले?" गावाला ते आता अंगवळणी पडलं आहे. तेव्हा तुम्ही म्हणाल, आता कशाचा राग? सगळं तर ठीक झालं.

ठीक झालं? माझा गंज वाळूने निघाला. खुडलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं लागली. पण खिडकीशी पडलेला एक माणूस दिवसभर माझा वास घेत राहिला, आणि त्याचा वाटा माझ्या पोटात असताना तो चरात गेला. हे कोणत्या वाळूने घासू? माझ्यासारख्या भांड्यांची काळजी घ्या, हे मी सांगायलाच हवं. पावसात टाकू नका, वर टायर ठेवू नका. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. पंगत उठल्यावर भांड्याच्या तळाशी काही उरलं, तर लगेच कुत्र्यांना हाक मारू नका. ते उरलेलं कोणाचं आहे ते आधी बघा. आणि कळलं की लगेच किटली भरून चालायला लागा, तो माणूस अजून वाटेकडे बघत असेल.